जपानी झाडाचा आंबिया बहार

पौष लागला की आमच्या वऱ्हाडात झाडांना उपाशी ठेवतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं, हा साडीवाला नेहमीसारखा फेकतो आहे. मी फेकतो, नाही म्हणत नाही. अकोल्याच्या जठारपेठेत उभा जन्म साड्या विकल्या. रंग जाणार नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की शेवटी माझ्याच चेहऱ्याचा रंग गेला. पण हे उपासाचं शपथेवर खरं आहे. अमरावती ओलांडून मोर्शीच्या वाटेला लागा. दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. मोटार शाबूत, विहिरीत पाणी, आणि मालक बांधावर बिडी ओढत बसलेला; झाडाला मात्र घोटभर देत नाही. पानं आधी मलूल होतात, मग कडेनं आत वळतात, आणि शेवटी त्यांची अशी सुरळी होते की तंबाखू भरून खुशाल ओढावी. एकदा पुण्याचे एक पाहुणे माझ्या गाडीतून जात होते. त्यांना ती झाडं पाहवेनात. "थांबवा हो," म्हणाले, आणि आपल्या बाटलीतलं पाणी एका झाडाच्या बुडाशी ओतायला उतरले. मालकानं त्यांना पार रस्त्यापर्यंत पिटाळलं. "मायी बाग नासवतं का बे?" हे त्याचे शब्द. पाहुण्यांना आजवर उमगलेलं नाही की पाणी पाजल्याबद्दल माणूस मारायला का धावतो.

त्याला ताण म्हणतात. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपण मरतो. मरायला टेकलेलं झाड असतील नसतील तेवढे प्राण फांद्यांच्या टोकाशी गोळा करतं. तोवर मालक बुडाची माती चाळतो, मुळ्या थोड्या उघड्या करतो, शेणखत घालतो, आणि संक्रांतीच्या सुमारास मोटारीची कळ दाबतो. पाणी सुटतं. ताण तुटतो. मग बघता बघता झाड पांढरंशुभ्र. आंब्याच्या मोहोराच्याच दिवसांत येतो, म्हणून आंबिया बहार. त्याचा वास सुटला की मोर्शीची गाडी परतवाड्याला पोचते, ड्रायव्हरला वाट सुचत नाही.

परवा पुन्हा त्या वाटेनं गेलो. झाडं ताणावर होती. शेजारच्या सीटवर बापूमामा होते, माझ्या आईचे धाकटे भाऊ, आणि ते काचेतून बाहेर बघत नव्हते. त्यावरूनच मला गेल्या वर्षीचा पौष आठवला, आणि आमचं जपानी झाड.

आता अकोल्यात जपानी झाड म्हणजे काय, हे कळायला आधी अकोल्याचं ऊन कळलं पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. कोंबडीनं अंडं घातलं की ते उकडलेलंच निघतं, फक्त मीठ आपलं. माझ्या दुकानातल्या पुतळीनं एका वैशाखात स्वतःहून पदर खाली घेतला होता. अशा गावात मी मेपल आणला. हिमाचलात फिरायला गेलो होतो, तिथल्या एका रोपवाटिकेच्या कट्ट्यावर हे वीतभर झाड उथळ कुंडीत बसलं होतं. बुंधा मनगटाएवढा, वय माझ्या दुकानाएवढं, आणि पानं हाताच्या पंजासारखी चिरलेली. त्या पंजांचा रंग! लालातले जेवढे प्रकार अकोल्याच्या बायका ओळखतात तेवढे देवाला ठाऊक नसतील. कुंकवी, डाळिंबी, मिरची, गाजरी, राणी, आमसुली, मरून. मी मनातल्या मनात एकेक ठाण उलगडून बघितलं. माझी बायको वनिता त्या झाडापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "हा तुमच्या दुकानात नाही."

साडीवाल्याला कुणी असं बोलू नये. मी भाव न करता झाड उचललं. दिल्लीपर्यंत बसनं, पुढे रेल्वेनं, मांडीवर घेऊन आलो. भुसावळ जवळ आलं तसं ते मांडीवरून उतरून परत हिमाचलाकडे चालायला लागलं होतं. मी बुंध्याला धरून बसवलं.

वनिताला बोन्सायचं वेड अमरावतीला लागलं. तिथल्या एका बाईंच्या वर्गाला ती दर महिन्याला जायची, आणि आमच्या गच्चीवर वड, पिंपळ, उंबर अशी देवळाजवळची सगळी मंडळी परातीएवढ्या भांड्यांत येऊन बसली होती. त्यांच्यात हा जपानी जावई आला. आणि जावयासारखाच राहिला. उन्हाळ्यात हॉलमधला वाळ्याचा कूलर त्याच्याकडे तोंड करून. आम्ही दोघं मागच्या बाजूला, पत्र्याला पाठ लावून घाम पुसत. रोज दुपारी गोळेवाल्याकडून बर्फाची लादी यायची. गोळेवाल्यानं विचारलं, घरात कार्य आहे का? मी म्हटलं, जपानचे पाहुणे आहेत. खोटं कुठे होतं?

पण तो रंग काही आला नाही. पानं फुटत हिरवी, होळीनंतर कडेनं तपकिरी होत आणि पावसाळ्याअगोदर त्यांचा करपलेल्या पोळीचा रंग होई. थंडीत गळून जात. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. वनिता सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे बसायची आणि एकेक पान उलटं करून बघायची, जणू मागच्या बाजूला लाल लपवलं असेल. शेवटी अमरावतीच्या बाईंनी कुंडी बघितली, बोट मातीला टेकवलं आणि सांगितलं, मुळं भांड्यात गच्च झाली आहेत, पाणी आत शिरतच नाही. थंडी सरताना, कळ्या फुगायच्या आधी, झाड बाहेर काढा, मुळं छाटा, माती बदला. तरतरी येईल. रंगही येईल, कुणी सांगावं. या "कुणी सांगावं"वर आमचं घर काही आठवडे तरंगत होतं.

त्याच थंडीत बापूमामा आमच्याकडे राहायला आले. खरं म्हणजे आणावे लागले.

मामांची मोर्शीकडे संत्र्याची बाग होती. होती म्हणताना मला अजून अडखळायला होतं. लहानपणी बहाराच्या दिवसांत आम्ही तिथे जायचो तेव्हा मामा झाडाखाली खाट टाकून झोपायला लावायचे. सकाळी उठलो की अंगावर पाकळ्यांची चादर. मामांची ओळख म्हणजे त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख. संत्रावाल्यांचं ते नख वाढलेलं असतंच, पण मामांचं म्हणजे खुरपंच. काडीची साल त्या नखानं जराशी खरवडायची, आतला हिरवा किती ओला, किती सुकला ते बघायचं, आणि सांगायचं: अजून थांब. किंवा: आता सोड पाणी. आजूबाजूच्या गावांचे लोक आपल्या बागेचा ताण मोजायला मामांचा अंगठा घेऊन जायचे. मामा सोबत जायचे ते निव्वळ अंगठा एकटा चालू शकत नाही म्हणून.

मग एका वर्षी त्यांनी नेहमीसारखा ताण दिला. झाडांनी पानं वळवली. संक्रांतीला मामांनी हळदकुंकू वाहून मोटारीची कळ दाबली. पाइपातून गढूळ पाण्याची एक चूळ आली आणि मागाहून नुसती हवा. फुस्स. मामा पाइपाला कान लावून बसले. खाली कुठेतरी पाणी वाजतं, असं ते म्हणत होते. बोअर अजून खोल मारली, तिथेही धुरळाच. टँकर आणले, ते पाणी जमिनीच्या भेगांनी पिऊन टाकलं, मुळांपर्यंत थेंब पोचला नाही. पानं वळलेली होती, ती तशीच वाळून पडली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बुंध्यांतून डिंक गळायला लागला. मग यंत्र आलं आणि दोन दुपारींत बाग आडवी झाली. लाकूड एका वीटभट्टीवाल्यानं नेलं.

मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मामा त्या उघड्या रानापुढच्या घरात एकटे बसून राहायचे. मी जाऊन घेऊन आलो. गाडीत एकच वाक्य बोलले, "ताण देनाऱ्यापाशी पानी पायजे रे दिनू." मूर्तिजापूरला चहा प्यायलो, तेव्हाही दुसरं वाक्य आलं नाही. अकोल्यात आले तेही तसेच. जेवायला बसवलं की जेवायचे, उठवलं की उठायचे. मी माझ्या ठेवणीतल्या सगळ्या गोष्टी त्यांच्यावर सोडल्या. ज्या गोष्टीवर रुसलेल्या व्याहिणी हसल्या होत्या ती सांगितली. मामांनी डोळ्याची पापणी हलवली नाही.

एके सकाळी ते गच्चीवर गेले आणि मेपलपुढे थांबले. झाड उघडंनागडं झालं होतं, पान एक नव्हतं.

"हे काय होय व सूनबाई?"

वनिताच्या हातची झारी तिथेच थांबली. आल्यापासून मामांनी पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"मेपल होय मामाजी. जपानी."

"एवढं मोठं जपान, अन् झाड वीतभरच धाडलं?"

मी लगेच पुढे सरसावलो. "मामा, दोनशे वर्षांचं आहे. तिथल्या राजाच्या बागेतलं."

"राजानं पानी नाही देल्लं काय मंग?" मामा म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी एका काडीवर अंगठ्याचं नख फिरवलं. बारीक पांढरट रेघ उमटली, तिच्या आत हिरवा. कोथिंबिरीच्या देठासारखा. मामा त्या रेघेकडे किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जिवंत हाये लेकाचं. अन् ताणावर हाये."

वनितानं समजावलं की ताण वगैरे नाही, ही झाडं थंडीत पानं टाकतातच.

"तेच सांगून राहिलो नं मी! आपली संत्री अडून बसते, तिले उपाशी ठेवा लागते तवा कुठं पान टाकते. यानं तं सोताच्या मनानं टाकलं. अर्धा ताण यानंच घेतला. याले बहार पायजे, बाई. हे मांगून राहिलं."

मुळं छाटायची आहेत हे ऐकल्यावर तर मामांना अंगात आल्यासारखं झालं. मुळ्या उघड्या करायच्या, तोडायच्या, खत-माती नवी द्यायची: बहार धरताना दुसरं काय करतात? जपानातले लोक मूळचे मोर्शीकडचे असणार, यावर त्या दिवशी आमच्या घरात कुणाला शंका उरली नाही. बाईंनी संक्रांतीनंतरचा मुहूर्त सांगितला होता. मामा म्हणाले, संक्रांतीले तं पानी सोडाचं असते. मुळ्यांचं काम आताच. वनितानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. काम धरलं.

कुंडी आडवी करून मामांनी तिच्या कडेनं विळ्याचं टोक फिरवलं आणि बुंधा धरून झाड ओढलं. ते निघालं, पण कुंडीचा आकार घेऊनच निघालं. मुळांनी आतल्या आत इतके वेढे घातले होते की घागर डोक्यावर घेताना बाया चुंबळ करतात तशी चुंबळ झाली होती. मामांनी वनिताचा जुना कंगवा घेतला आणि त्या चुंबळीचे पदर सोडवायला लागले. बाहेरून आत, हळूहळू, मधूनमधून पाण्याचा हबका मारत. गच्चीवर ऊन कोवळं होतं, खाली रस्त्यावर तिळाच्या रेवड्या विकणारा ओरडत होता, आणि मामा त्या झाडाशी बोलत होते. "काहून गुतला रे एवढा? कुठं जायाचं होतं तुले? चहूकून भिंत, अन् तू गोल गोल फिरून राहिला." मग सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, जाड मुळं तोडायला घेतली. कट्ट. कट्ट. खालचं सोटमूळ त्यांनी एका दाबात काढलं, आणि केसासारखी बारीक मुळं तेवढी राखली. वनिता मोबाइलवर वर्गाची टिपणं बघत होती, पण तिला सांगायला जागाच उरली नाही.

नवं मिश्रण बघून मात्र त्यांनी नाक मुरडलं. विटांचा चुरा, जाड रेती, कोळशाचे खडे. "हे माती होय काय? हा तं पाडलेल्या घराचा मलबा होय." तरी भरला. दाभणानं मुळांच्या फटीफटीत ढकलला, तांब्याची तार भोकांतून वर घेतली आणि लेकराला झोळीत बांधावं तसं झाड बांधलं. छाटलेल्या मुळांचा पेंढा बाजूला पडला होता, झाडाएवढाच.

वनितानं झारी उचलली. मामांनी झारीच्या तोंडावर हात ठेवला.

"आता नाही."

"मामाजी, आता तं भरपूर द्यावं लागते. खालून वाहेपर्यंत. सावलीत ठेवून."

"मुळ्या तोडल्या नं? तोंड कापलेल्या मानसाले जेवाले वाढतं काय? आता ताण. संक्रांतीले मी तोडतो."

"पण हे संत्र नाही मामाजी."

"झाडच होय नं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मामांकडे. मामांचा हात झारीवर होता, नखात ओला चुरा अडकला होता, आणि डोळ्यांत असं काही होतं की मी मान फिरवली. ते म्हणाले, हळू आवाजात, जसं काही गच्चीवर ते एकटेच आहेत, "एक ताण मले तोडू दे, बाई. एकच. अथी तं नळाले पानी हाये."

वनितानं झारी खाली ठेवली.

नंतर तिनं अमरावतीला बाईंना फोन केला. बाई काय ओरडल्या ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा डोळा लागला तेव्हा मी पेल्यात पाणी घेऊन चोरपावलांनी गच्चीचा जिना चढत होतो. मला वाटलं, साडीचा डाग लपवतो तसं हेही लपवू. वनिता वरच बसली होती, झाडाशेजारी. तिनं पेला माझ्या हातून घेतला आणि स्वतः प्यायली.

"वनिता, मरेल ते."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी नख लावलं की त्यांना ओल समजते. समजली तर काय सांगू? का तुमचा ताण तुमच्याआधी मीच तोडला म्हणून?"

एवढं बोलून ती खाली गेली. तो लाल रंग बघायला तीन उन्हाळे कूलरच्या मागे बसलेली बाई. मी साड्यांत जन्म घालवला, बायका काय धरून ठेवतात आणि काय सोडतात याचा अंदाज मला आहे असं समजत होतो.

आणि खरं सांगू? ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. मामा बोलायला लागले. न्याहारीला बोलत, दाढी करताना बोलत. माझ्यापेक्षा मोठ्या थापा मारायला लागले, ही तर माझ्या पोटावर पाय देणारी गोष्ट. त्यांच्या बागेतलं एक संत्र म्हणे एवढं मोठं झालं होतं की तोडल्यावर बैलगाडीत मावेना, म्हणून बैलालाच संत्र्यात बसवून गाडी वरून बांधली. त्यांच्या बहाराच्या वासानं एक मेलेला शेजारी तिरडीवर उठून बसला, "फुटला का रे बापू?" विचारून पुन्हा आडवा झाला. वनिता हसून हसून पदर तोंडाला लावायची, आणि हसता हसता उठून गच्चीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. रोज सकाळी मामा झाडाला नख लावून यायचे. "बसून राहिला ताण. मस्त बसून राहिला." मला काडीच्या रेघेत दिसायचं ते त्यांना दिसत नव्हतं असं कसं म्हणू? त्या नखानं गावोगावचा ताण मोजला होता. पण नखाला संत्र्याचा हिरवा पाठ होता, आणि हा दुसऱ्या मुलखाचा हिरवा. रोज थोडा पोपटी, मग पिवळसर, मग तागासारखा.

संक्रांतीला मामांनी नवी टोपी घातली. कुंडीला हळदकुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला. नळ त्या दिवशी यायचा होता आणि चक्क आला. अकोल्यात याला चमत्कार म्हणतात. मामांनी झारी नको म्हटलं. रबरी नळी वर ओढून आणायला लावली, माझ्या हातात तोटी दिली आणि स्वतः नळीचं तोंड अंगठ्यानं धरून उभे राहिले.

"सोड!"

मी तोटी फिरवली. नळी गुरगुरली. आधी हवा आली. फुस्स. मामांचा चेहरा मी पाहिला, आणि तेवढ्या वेळात मी जेवढे देव आठवले तेवढे एरवी वर्षात आठवत नाही. मग पाणी आलं. धो धो आलं. विटांचा चुरा फसफसला, त्याचा रंग गडद झाला, कुंडीच्या भोकांतून धार लागली. मामा हसत होते आणि रडत होते, आणि पाणी गच्चीभर होऊन जिन्यावरून खाली उतरत होतं तरी "राहू दे, राहू दे," म्हणत होते. वनिता भिजल्या पावलांनी उभी होती. तुटला. ताण तुटला. त्यांच्या हातानं तुटला.

मग आम्ही वाट बघितली.

वाट बघण्याच्या गोष्टीत थापा मारता येत नाहीत, म्हणून हा भाग मी कधी कुणाला सांगत नाही. फांद्यांच्या टोकांना तांबूस कळ्या होत्या, मोहरीएवढ्या. त्या तशाच राहिल्या. मामा रोज सकाळी नख लावायचे. आधी काडीच्या टोकाला लावलं, तिथे आत तपकिरी. "टोक जाते कधी कधी," म्हणाले. दुसऱ्या सकाळी जरा खाली. मग फांदी जिथे फुटते तिथे. मग दुसरी फांदी. रेघा खाली खाली उतरत गेल्या. सबंध झाडावर त्या नखाच्या खुणा झाल्या, जिना असावा तशा, आणि मामा रोज एक पायरी उतरायचे. बाहेर वऱ्हाडभर बहार फुटला होता. अमरावतीहून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगालासुद्धा वास यायचा. मामा दुकानात येऊन बसलेले असले की असं गिऱ्हाईक आल्यावर उठून आत जायचे.

शिवरात्रीच्या सुमाराला रेघ बुडापाशी आली. मातीला टेकून. मामा गुडघे टेकून बसले, नख लावलं, थांबले. पुन्हा लावलं, जरा खोल. मी आणि वनिता दारात होतो. त्यांनी बुंध्यावरून एकदा तळवा फिरवला, जनावराची पाठ कुरवाळतात तसा, आणि उठले. आमच्याजवळून जाताना म्हणाले, "पानी होतं, नाही व सूनबाई? पानी तं होतं."

"होतं मामाजी."

"मंग?"

तिच्याजवळ उत्तर होतं. तिनं दिलं नाही.

त्या दुपारी मामांनी तिच्याकडे नखं काढायचं यंत्र मागितलं. खिडकीशी बसून आधी डाव्या हाताची काढली, मग उजव्या हाताची, अंगठा शेवटी. ते नख इतकं जाड होतं की यंत्रात शिरेना. वनितानं सिकेटर आणून दिलं. कट्ट.

मेपल अजून गच्चीवर आहे. वाळलेला, तांब्याच्या तारेनं बांधलेला. वड-पिंपळाला पाणी घालताना वनिता त्याला वळसा घालून जाते. फेकत नाही, आणि मी विचारत नाही. गोळेवाला यंदा उन्हाळ्यात विचारत होता, जपानचे पाहुणे गेले का? मी म्हटलं, गेले. मामा पुन्हा जेवायला बसवलं की जेवतात, उठवलं की उठतात.

परवा अमरावतीला एका लग्नाला गेलो होतो, आणि मीच म्हटलं, जरा पुढे तुमच्या गावाकडे जाऊन येऊ. हवापालट. मामांच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा गजू रस्त्यालगतच्या बागेत दिसला, त्यानं हात करून गाडी थांबवली. त्याची झाडं ताणावर होती, पानं वळलेली.

"मामा! देवच आला म्हना. पाहा बरं जरा, ताण बसला का."

मामा उतरले. का उतरले माहीत नाही, सवय असेल. गजूनं एक काडी वाकवून त्यांच्यापुढे धरली. मामांनी ती हातात घेतली, अंगठा टेकवला, ओढला. अंगठा सालीवरून नुसता घसरला. रेघ उमटलीच नाही. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, जसा तो दुसऱ्याच कुणाचा असावा, आणि काडी सोडून दिली.

"तूच पाय बाबू."

गजूनं आपलं नख लावलं. आत ओला हिरवा निघाला. तो खूश झाला. "अजून थांबा लागते, नाही का मामा?"

बागेच्या टोकाला बोअरचा पाइप उभा होता, तिकडे बघत मामांनी विचारलं, "पानी हाये?"

गजूनंही तिकडे बघितलं. "कालपरेंत तं होतं."

मामा गाडीत येऊन बसले आणि त्यांनी काच वर घेतली. तिथून अमरावती, अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, पार अकोल्यापर्यंत मी एकही गोष्ट सांगितली नाही. जठारपेठेत कुणालाही विचारा, माझ्या तोंडून असं कधी झालेलं नाही.